वर्ध्याची ऑक्सफर्ड : एका सांगाड्याचा शोध

वर्ध्यात एक ऑक्सफर्ड होती, असे म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर विद्यापीठ येते. वर्ध्याचा जुना माणूस मात्र हसतो. आमची ऑक्सफर्ड म्हणजे जमनालाल बजाज यांच्याकडची जुनी फोर्ड मोटार. तिला बैल जोडत. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, मोटार फोर्डची, म्हणून ऑक्सफर्ड. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. मधला सुमारे पाच मैलांचा रस्ता काळ्या मातीचा होता आणि पावसाळ्यात तिथे मोटारीपेक्षा बैलाचेच अधिक चालत असे. त्या काळाच्या आठवणींत ही ऑक्सफर्ड एका ओळीपुरती येते, वाचणाऱ्याला हसवते आणि निघून जाते.

तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवताना मीही हा विनोद वर्गात सांगत असे. पण त्याच्या पोटात एक तांत्रिक प्रश्न आहे, हे निवृत्तीनंतर लक्षात आले. इंजिन गेलेल्या मोटारीला बैल जोडता आले, ते कशामुळे? आज दारात उभ्या असलेल्या छोट्या मोटारीचे इंजिन काढून पुढे दांडी ठोकायची म्हटले, तर दांडी ठोकणार कशाला? खाली आहे तो पातळ पत्रा. फोर्डच्या खाली मात्र काहीतरी होते. त्या 'काहीतरी'चा इतिहास शोधत मी गेली चार वर्षे घालवली. त्याला इंग्रजी कागदपत्रांत फ्रेम म्हणतात, आपले मेकॅनिक चासी म्हणतात, मी येथे सांगाडा म्हणतो.

शोध सुरू झाला तो हिंगणघाटजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. माझा एक माजी विद्यार्थी तिथे यंत्रे मोडीत काढण्याचा हिशेब करत होता. त्याने निरोप धाडला, "सर, इथं जुन्या मोटारीची चासी आहे. तिच्यावर पाण्याची टाकी ठेवली आहे. लोक म्हणतात, बजाजांच्या बैलमोटारीची आहे. येऊन पाहा." मी दुसऱ्याच दिवशी मेजरिंग टेप, तारेचा ब्रश आणि चुन्याची निवळी घेऊन पोहोचलो. मनात उत्सुकता होती, आणि खरे सांगायचे तर हावही होती. ऑक्सफर्डचा सांगाडा सापडला, तर आयुष्यभराच्या शिकवण्याचे सार्थक झाले असते.

टाकीखाली दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे होते. शिडी आडवी ठेवावी तसे. मोटारीच्या जन्मापासून अमेरिकेत हीच रचना रूढ होती, कारण ती घोडागाडीच्या साट्यातून आली. आधी लाकूड, मग लाकडावर लोखंडी पट्टी, मग दाबून वाकवलेले पोलाद. पोलादी तुळईचा छेद 'सी' अक्षरासारखा असतो. याचे कारण फूटपट्टी हातात घेतली की कळते. आडवी धरून टोकाला दाब द्या, ती वाकते. उभी धरा, वाकत नाही. वजन पेलण्याचे काम उंचीकडे असते, म्हणून पोलाद वरच्या आणि खालच्या कडांना ठेवायचे आणि मध्ये पातळ पडदा राहू द्यायचा. कमी लोखंडात जास्त ताकद, हा त्या 'सी'चा अर्थ.

पण वाकणे वेगळे आणि पिळवटणे वेगळे. काड्यापेटीतले आतले खण बाहेर काढून दोन्ही हातांनी पिळा, ते लगेच मुरडते. बाहेरचे चारही बाजूंनी बंद असलेले टरफल पिळायला जास्त जोर लागतो. 'सी' आकाराची तुळई ही आतल्या खणासारखी. ती वजन छान पेलते, पण पिळाला कच्ची. रस्ता खडबडीत असला, एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर गेले, की सांगाडा पिळवटतो. दारे घासतात, काच तडकते, रिव्हेट ढिले होतात. जुन्या अमेरिकी मोटारींच्या सांगाड्यांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात या पिळाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आणली, तेव्हा ही झुंज त्यांनी वेगळ्या युक्तीने टाळली. चार पायांचे टेबल शेणाने सारवलेल्या अंगणात ठेवले तर एक पाय अधांतरी राहतो. तीन पायांची तिवई कुठेही स्थिर बसते. मॉडेल टीमध्ये प्रत्येक आखावर एकच आडवा पाटा होता आणि तो सांगाड्याला मधोमध बांधलेला होता. चाक खड्ड्यात गेले की आख त्या मध्याभोवती कलत असे आणि सांगाड्यापर्यंत पीळ कमी पोहोचत असे. इंजिनही तीनच ठिकाणी टेकवलेले. सांगाडा स्वतः साधा, सरळ, बारीक. तो ताठ राहून रस्त्याशी भांडत नसे, थोडा लवून वाट काढत असे.

हे अमेरिकेच्या खेड्यांसाठी केलेले होते. तिथले रस्ते तेव्हा आपल्या पांदणीपेक्षा फार बरे नव्हते. मॉडेल टीच्या दोन चाकांतले अंतर साधारणतः ५६ इंच असे, पण दक्षिणेकडच्या राज्यांसाठी फोर्डने ६० इंचांची गाडीही काढली, कारण तिथल्या घोडागाड्यांच्या चाकोऱ्या तेवढ्या रुंद होत्या. मोटारीचे चाक चाकोरीत बसले पाहिजे, हा हिशेब होता. बंडीमागे बंडी चालून आमच्या काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वर्ध्यातल्या बैलांनी फोर्ड ओढली, यात म्हणूनच वाटते तेवढी विसंगती नाही. गाडीच्या वाटेसाठीच ती मोटार बांधली गेली होती.

आणखी एक गोष्ट वाचताना मला गंमत वाटली. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात फोर्डने गाड्या जोडण्याची सरकती रांग प्रथम करून पाहिली, ती दोर आणि रहाट लावून. मोकळा सांगाडा जमिनीवरून हळूहळू ओढत न्यायचा आणि वाटेत ठेवलेले भाग कामगारांनी त्यावर चढवत जायचे. एक मोटार जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत. पुढच्या वर्षी यंत्राने ओढणारी साखळी बसल्यावर ते काम ९३ मिनिटांवर आले. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक मॉडेल टी बनल्या. म्हणजे फोर्डचा सांगाडा आधी ओढला गेला आणि मग धावला. आमच्या बैलांनी त्याला त्याचे बालपण परत दिले, इतकेच.

सांगाडा करणे हा पुढे स्वतंत्र उद्योग झाला. मिलवॉकी शहरातल्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९२१ मध्ये असा कारखाना सुरू केला, की त्यात पोलादाची पट्टी एका टोकाने आत जाई आणि दुसऱ्या टोकाने रिव्हेट मारलेला तयार सांगाडा बाहेर येई. मध्ये माणसाचा हात जवळजवळ लागत नसे. दिवसाला दहा हजार सांगाडे अशी त्याची क्षमता होती. दाबून, भोके पाडून, रिव्हेट मारून तयार झालेली ही शिडी जगभर गेली. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना फोर्डच्या गाड्या कॅनडातल्या कारखान्यातून येत, उजवीकडे सुकाणू बसवलेल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्या काळी मोकळी चासी विकत घेऊन तिच्यावर आपल्या सुताराकडून, लोहाराकडून हवी ती बॉडी चढवून घेणे सर्रास चाले. एकाच चासीवर कुणी सावकाराची बैठी गाडी करी, कुणी कापसाच्या गाठी वाहणारी लॉरी.

आता जिनिंगच्या आवारात परत येऊ. पहिल्या दिवशी मी मनाशी ठरवूनच टाकले होते की ही मॉडेल टी आहे. आपल्याकडे जुनी फोर्ड म्हटले की टीच. मी पुढच्या आणि मागच्या आखांमधले अंतर मोजले. ११२ इंच भरले. पुन्हा मोजले. तेवढेच. मॉडेल टीचे हे अंतर १०० इंच असते, १९२७च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एचे साडेएकशे तीन, १९३२च्या फोर्डचे १०६. फोर्डने ११२ इंचांचा सांगाडा १९३३ मध्ये आणला. माझी टी तिथेच संपली.

दुसरी खूण टाकीच्या सावलीत होती. दोन तुळयांच्या मध्ये फुलीसारखे तिरपे पोलाद बसवलेले होते. ही फुली म्हणजे पिळाला दिलेले उत्तर. सांगाडा पिळवटताना एक तुळई एका दिशेला आणि दुसरी उलट दिशेला झुकू पाहते. फुलीचे चार हात चारी टोकांना मध्यात एकत्र बांधतात, त्यामुळे प्रत्येक टोकाची ओढ बाकीच्या तिघांना सोसावी लागते. वाड्याच्या फाटकाला तिरपी पट्टी मारतात, त्यामागचा विचार याच्या जवळचा. अमेरिकी मोटारीत ही फुली १९२९च्या कॉर्ड एल-२९ या गाडीने रूढ केली. ती गाडी महागडी होती. फोर्डच्या सामान्य ग्राहकापर्यंत फुली १९३३ मध्ये पोहोचली, कारण आधल्याच वर्षी फोर्डने आठ नळकांड्यांचे जोरदार इंजिन बसवले होते आणि टीच्या लवचिक शिडीला ते झेपण्यासारखे नव्हते.

तिसरी खूण पुढच्या आखाची. पाटा आडवा होता, म्हणजे गाडी फोर्डच. त्या काळच्या शेवरोलेचे पाटे तुळईच्या लांबीला समांतर असत. तो पाटा आखाच्या अगदी वर होता. १९३५ पासून फोर्डने पुढचा पाटा आखाच्या पुढे नेला. म्हणजे आमचा सांगाडा १९३३ किंवा १९३४चा. शेवटी डाव्या तुळईच्या वरच्या कडेवर, जिथे एरवी बॉडी टेकते, तिथे ब्रश घासला. चुन्याच्या निवळीचा हात फिरवल्यावर ठोकलेले अंक उमटले. शेवटचे दोन गंजाने खाल्ले होते. फोर्ड गाडीचा क्रमांक तिथेच ठोकत असे, झाकलेल्या जागी. आजही आपल्या आरसी बुकात चासी नंबर असतो. इंजिन बदलता येते, त्याची नोंद करून घेता येते. पण कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे तिचा सांगाडा.

चौथी खूण मात्र कोणत्याही अमेरिकी पुस्तकात नव्हती. पुढच्या आडव्या तुकड्यात दोन जादा भोके होती. कारखान्यात पाडलेल्या भोकाची कड सफाईदार असते. लोहाराने तापवून सुंब्याने पाडलेल्या भोकाची कड एका बाजूला फुगते. ही भोके फुगलेली होती आणि आतून वर-खाली झिजून लांबट झाली होती. बैल चालतो तेव्हा जू हलते, जुवाबरोबर दांडी खाली-वर होते. ट्रॅक्टरमागे ओढलेल्या सांगाड्याची झीज पुढे-मागे असते. माझा तर्क असा की या सांगाड्याला एके काळी बैल जोडलेले होते.

त्या संध्याकाळी मी फार आनंदात घरी आलो. रात्री मात्र झोप लागेना. माझ्याकडे काय होते? एक १९३३-३४चा सांगाडा आणि त्याला बैल जोडल्याची खूण. या दोहोंतून जमनालालजींचे नाव निघत नाही. कारण इंजिन काढून मोटारीला जनावर जोडणे, ही काही वर्ध्याची एकट्याची गोष्ट नव्हती.

१९२९ नंतरच्या मंदीत कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांकडे मोटारी होत्या, पेट्रोलला पैसे नव्हते. त्यांनी इंजिने काढली आणि घोडे जोडले. त्या गाड्यांना तेव्हाचे पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्यावरून बेनेट बग्गी म्हणत. अमेरिकेत त्याच गाड्यांना अध्यक्ष हूव्हर यांच्यावरून हूव्हर गाडी हे नाव पडले. नाव ठेवण्यात राग होता. त्याच मंदीत आमच्या कापसाचेही भाव कोसळले होते, आणि हिंगणघाट तर कापसाचे गाव. तेव्हा जिनिंगच्या मालकाने किंवा एखाद्या मालगुजाराने परवडेनाशा झालेल्या मोटारीला बैल जोडले असतील, नंतर युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा जोडले असतील, तर त्यात नवल काय? कॅनडातली बग्गी लाचारीची होती. वर्ध्याची ऑक्सफर्ड, निदान नावावरून तरी, हसत हसत केलेली होती. ग्रामोद्योग संघ मगनवाडीत होता, गोसेवेचे काम जमनालालजींनी आयुष्याच्या अखेरीस अंगावर घेतले होते. त्या वातावरणात बैलाने मोटार ओढणे हा एक विचारही होता. पण लोखंडावर दोन्हींची भोके सारखीच पडतात. बैल का जोडले, हे भोक सांगत नाही.

सांगाड्याची पुढची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ऑक्सफर्डचा अर्थ तिच्याशिवाय पुरा होत नाही. लोकांना बुटक्या, लांब, डौलदार गाड्या हव्या झाल्या. तुळया आखांवर कमानीसारख्या उचलल्या गेल्या, मधला भाग खाली आला. १९४८च्या हडसनमध्ये बसणारा माणूस तुळयांच्या वर न बसता त्यांच्या आत उतरून बसू लागला. १९५८ ते १९६४ या काळातल्या मोठ्या शेवरोले गाड्यांत तर बाजूच्या तुळया काढूनच टाकल्या, मध्ये नुसती लांब फुली ठेवली. गाडी खाली बसली, पण बाजूने धडक बसली तर प्रवाशाच्या आणि धडकेच्या मध्ये दारच काय ते उरले, म्हणून तिच्यावर टीकाही झाली.

दुसरीकडे एक वेगळीच वाट तयार होत होती. इटलीच्या लान्चिया लॅम्ब्डाने १९२२ मध्येच बॉडी आणि सांगाडा वेगळे ठेवणे सोडले होते. अमेरिकेत १९४१च्या नॅश ६०० या गाडीने ती पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. पातळ पत्रे दाबून, ठिकठिकाणी वेल्ड करून संपूर्ण गाडीचीच एक बंद पेटी करायची. काड्यापेटीचे बाहेरचे टरफल आठवा. पीळ सोसायला बंद पेटीसारखे दुसरे काही नाही. गाडी हलकी झाली, पेट्रोल कमी लागू लागले, पुढे अपघातात माणूस वाचवण्याच्या दृष्टीनेही तिचा फायदा झाला. सांगाडा हरवला तो काही कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे.

आणि इथे आपल्याकडची दुसरी ऑक्सफर्ड येते. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून हिंदुस्थान मोटर्सने अ‍ॅम्बॅसेडर काढली, ती १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. कलेक्टरची गाडी म्हणून वर्धेकरांनी ती वर्षानुवर्षे पाहिली. तीही अशी पेटीच, खाली वेगळी शिडी नाही. तिच्या तळाला गंज लागला की नुसती बॉडी खराब होत नसे, गाडीच संपत असे. पहिल्या ऑक्सफर्डचे इंजिन गेले, बॉडी गेली, तरी तिला दुसरा जन्म घेता आला. दुसरीला ती सोय नव्हती.

शिडी मात्र पुरती गेलेली नाही. नागपूर-वर्धा रस्त्यावर केबिन नसलेली कोरी चासी घेऊन निघालेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर ज्याने पाहिला नाही, असा माणूस विरळा. ट्रक आणि एसटी अजून शिडीवरच उभे आहेत. एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत अशाच चासीवर लाल गाडीची बॉडी चढत आली आहे. जिथे ओझे जास्त, रस्ता वाईट आणि एका देहातून दुसरा देह काढण्याची गरज, तिथे जुना सांगाडा टिकून आहे.

महिनाभराने जिनिंगच्या मालकांचा नातू मला आवारात भेटला. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता, गॅस कटर आणायचा दिवस ठरत होता. त्याने सरळ विचारले, "सर, तुम्ही लिहून द्या का हे बजाजची गाडी हाय. मंग आम्ही नाई विकत. शेड करून ठेवू."

खोटे बोलायचेही नव्हते, फक्त 'असावी' एवढे लिहिले असते तरी पुरले असते. त्या एका शब्दाने सांगाडा वाचला असता. आमच्याकडच्या कितीतरी वस्तू अशा एका 'असावी'वर उभ्या आहेत. मी म्हणालो, "साल सांगता येते, कंपनी सांगता येते, बैल जोडले होते असे मला वाटते. कुणाची होती ते सांगता येत नाही."

"मंग कायले ठेवाची?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता.

मी त्याला टाकीखाली वाकायला लावले. फुली दाखवली, पाटा दाखवला, लोहाराची भोके दाखवली. बोटाने आतली झीज चाचपायला सांगितली. म्हटले, "हे बघ, अमेरिकेत कुणीतरी ही फुली मारली ती इंजिनासाठी. तुमच्याच भागातल्या कुण्या लोहाराने ही भोके पाडली ती बैलासाठी. तुझ्या आजोबांनी वर टाकी ठेवली. तीन कामे झाली आणि अजून एक रिव्हेट ढिला नाही."

त्याने रिव्हेटवर अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पानी संपेपर्यंत त टाकी लागतेच."

ही गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. मापे मी दोन वह्यांत उतरवून ठेवली आहेत आणि एक वही त्याच्याकडे दिली आहे. परवा फोनवर विचारले, तेव्हा टाकी सांगाड्यावरच होती.